उंबरठ्यावर थांबलेला देश

पश्चिम कोसोव्होत, प्रोक्लेतिये डोंगररांगेच्या पायथ्याशी, डेचानी नावाचा एक मठ आहे. सर्बियाचा राजा स्तेफान डेचान्स्की याने १३२७ मध्ये इथल्या चर्चचे काम सुरू केले आणि १३३५ मध्ये ते पुरे झाले. चर्च ऑर्थोडॉक्स पंथाचे, पण ते बांधणारा विता हा एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या कोटोर गावचा कॅथलिक साधू होता. बाहेरच्या भिंतींवर फिकट आणि तांबूस संगमरवराचे आळीपाळीने पट्टे आहेत. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. मध्ययुगातली इतकी चित्रे एकाच चर्चमध्ये टिकून राहिल्याची उदाहरणे युरोपात फार थोडी.

हा मठ कोणत्या देशात आहे, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००४ पासून तो सर्बियाच्या नावावर आहे. प्रत्यक्षात ज्या जमिनीवर तो उभा आहे तिथली नगरपालिका, पोलीस आणि न्यायालय कोसोव्होचे आहे. आणि फाटकाशी पहारा देतात ते नाटोच्या नेतृत्वाखालील शांतिसेनेचे इटालियन सैनिक. सातशे वर्षांच्या प्रार्थनास्थळाला आजही परक्या सैनिकांचा पहारा लागतो.

९ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेत कोसोव्होला सदस्य करून घेण्याच्या ठरावावर मतदान झाले. बाजूने ९२ मते पडली, विरोधात ५०, आणि २९ देश तटस्थ राहिले. ठराव तीन मतांनी पडला. सर्बियाने या ठरावाविरुद्ध अनेक महिने जगभर राजनैतिक मोहीम चालवली होती, आणि त्या मोहिमेच्या मध्यभागी होते डेचानीसारखे मठ. संस्कृती जपण्यासाठी निघालेल्या संस्थेत एखाद्या देशाला येऊ देऊ नका, असे दुसरा देश संस्कृतीच्याच नावाने म्हणतो. या विरोधात खरे किती आणि निरुपयोगी किती, ते नीट तपासून पाहायला हवे.

तीन मतांचे गणित

बाजूने ९२ आणि विरोधात ५० असताना ठराव पडतो कसा? युनेस्कोच्या घटनेत सदस्यत्वाचे दोन मार्ग आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्याला युनेस्कोत येण्याचा हक्कच आहे. जो देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नाही, त्याची शिफारस आधी कार्यकारी मंडळाने करावी लागते आणि मग सर्वसाधारण परिषदेत दोन-तृतीयांश बहुमत मिळवावे लागते. हे बहुमत मोजताना तटस्थ मते धरत नाहीत. म्हणजे ९२ आणि ५० मिळून १४२, त्याचे दोन-तृतीयांश ९५. कोसोव्होकडे होती ९२.

दोन-तृतीयांशाच्या नियमात विरोधाचे एक मत बाजूच्या दोन मतांना भारी पडते. विरोधातल्या पन्नासपैकी चारच देश तटस्थ राहिले असते, तर मोजायची मते १३८ झाली असती, त्यांचे दोन-तृतीयांश बरोबर ९२, आणि ठराव मंजूर झाला असता. म्हणून अशा मतदानाआधी कुंपणावरच्या देशांची इतकी मनधरणी होते. अडवणाऱ्याला थोडक्यांना राजी केले तरी पुरते, आत येऊ पाहणाऱ्याला मात्र जवळजवळ साऱ्या जगाची समजूत घालावी लागते.

नकाराधिकार नसलेले दार

कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. सर्बियाने ते मानले नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये सल्ला दिला की या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झालेला नाही, पण कोसोव्हो हे राष्ट्र आहे की नाही, या प्रश्नात न्यायालय शिरले नाही. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी यांनी मान्यता दिली. रशिया, चीन आणि भारत यांनी दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांत जायचे तर सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, आणि तिथे रशियाचा नकाराधिकार आडवा येतो.

युनेस्कोत नकाराधिकार नाही. प्रत्येक देशाला एकच मत. ज्याला मोठ्या घराचे दार बंद आहे त्याने हे दार ठोठावावे, हे साहजिकच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि पश्चिम जर्मनी हे पराभूत देश १९५१ मध्ये युनेस्कोत आले. जपानला संयुक्त राष्ट्रांत यायला १९५६ उजाडले आणि पश्चिम जर्मनीला १९७३. कालच्या शत्रूला आधी शाळा, पुस्तके आणि विज्ञान यांच्या ओसरीवर बसू द्यावे, राजकारणाच्या दिवाणखान्यात नंतर बोलवावे, हा त्या वेळचा विचार शहाणपणाचा होता, असे मला वाटते.

विरोधकांच्या दृष्टीने धोकाही याच दारात असतो. आज युनेस्को, उद्या दुसरी संस्था, आणि परवा मान्यता आपोआप पदरात. सर्बियाला मठांची काळजी होती, तशी या पायऱ्यांचीही होती. दोन्ही काळज्या एकत्र विणलेल्या होत्या, म्हणून त्या वेगळ्या काढून पाहिल्या पाहिजेत.

दोघांचेही दगड जळले आहेत

कोसोव्होत आज सुमारे नव्वद टक्के लोक अल्बेनियन आहेत, बहुतेक मुसलमान. सर्बियन लोकांसाठी मात्र ही भूमी म्हणजे त्यांच्या धर्मपीठाचे माहेर. पेच गावाजवळचे धर्मपीठ, ग्राचानित्सा, डेचानी आणि प्रिझ्रेनमधले बोगोरोदित्सा ल्येविश्का चर्च ही चारही ठिकाणे याच छोट्या प्रदेशात आहेत. इथेच १३८९ मध्ये कोसोव्होची लढाई झाली. तीत सर्बियन राज्यकर्ता लाझार आणि उस्मानी सुलतान मुराद दोघेही मारले गेले. सहाशे वर्षांनी, २८ जून १९८९ रोजी, सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांनी त्याच माळावर प्रचंड सभा घेतली. त्याच वर्षी कोसोव्होची स्वायत्तता हिरावून घेतली गेली. अल्बेनियन शिक्षक आणि विद्यार्थी सरकारी शाळांमधून बाहेर फेकले गेले आणि घराघरांत वर्ग भरू लागले.

१९९८-९९ च्या युद्धात सर्बियन फौजांनी लाखो अल्बेनियन लोकांना हुसकावले. वास्तूंचाही बळी गेला. युद्धानंतर पाहणी करणारे अभ्यासक अँड्र्यू हर्शर आणि आंद्राश रीडलमायर यांना दिसले की कोसोव्होतल्या सुमारे सहाशे मशिदींपैकी दोनशेहून अधिक मशिदींची नासधूस झाली होती. जाकोव्हा गावातली सोळाव्या शतकातली हादुम मशीद, तिचे ग्रंथालय आणि शेजारची जुनी बाजारपेठ मार्च १९९९ मध्ये जाळण्यात आली. हस्तलिखिते राख झाली.

फौजा गेल्यावर सूडाची पाळी आली. अनेक सर्बियन चर्च उद्ध्वस्त झाली. १७ आणि १८ मार्च २००४ या दोन दिवसांत अल्बेनियन जमावांनी तीसहून अधिक चर्च आणि मठांना आगी लावल्या किंवा मोडतोड केली. १९ माणसे मेली, हजारो बेघर झाली. प्रिझ्रेनचे ल्येविश्का चर्च त्यात होरपळले. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मिलुतिनने बांधलेले हे चर्च उस्मानी काळात मशीद झाले होते. तेव्हा कुणीतरी त्याच्या भिंतीवर फारसी कवितेची ओळ लिहून ठेवली. एका धर्माच्या घरात दुसऱ्या धर्माच्या माणसाने सोडलेली ती दाद होती. त्या दाराशी २००४ चा जमाव आला. तिकडे बेलग्रेडमध्ये सर्बियन जमावाने सोळाव्या शतकातली बायराक्ली मशीद पेटवली.

याच डेचानीच्या मठाने १९९९ च्या युद्धात सर्बियन फौजांपासून पळणाऱ्या अल्बेनियन कुटुंबांना आसरा दिला होता, हेही सांगायला हवे. वारसा कुणाचा, या प्रश्नाचे इतके सुंदर उत्तर दुसरे मिळणार नाही.

विरोधाचे मुद्दे

सर्बियाचे म्हणणे तीन मुद्द्यांत सांगता येते. पहिला: ज्यांच्या राज्यात २००४ मध्ये मठ जळले, त्यांच्याच हाती त्यांची राखण कशी द्यायची? दुसरा: कोसोव्होचे अधिकारी या मठांना फक्त 'कोसोव्होचा वारसा' म्हणतात. सर्बियन हा शब्द गळला की हळूहळू बांधणाऱ्यांची आठवणही गळेल. तिसरा: कोसोव्हो हे राष्ट्रच नाही, मग राष्ट्रांच्या संस्थेत ते कसे?

पहिल्या दोन मुद्द्यांपुढे मी थबकतो. आपल्याकडे २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी तमिळनाडूत. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली आणि पुढे राजाराम महाराजांनी तिथूनच स्वराज्य तगवले. कल्पना करा की जिंजी दुसऱ्या देशात गेली आहे, तिथल्या तटाला जमावाने एकदा आग लावली आहे, आणि पाटीवरून मराठ्यांचे नाव पुसले गेले आहे. मराठी माणसाच्या पोटात काय कालवेल, ते आपण जाणतो. सर्बियन माणसाच्या पोटात तेच कालवते. त्याला नुसते राजकारण म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

पण आपल्याच जवळचे दुसरे उदाहरणही आहे. जुन्या गोव्यातली चर्च आणि कॉन्व्हेंट १९८६ पासून वारसा यादीत आहेत. ती बांधली पोर्तुगीज अमलात, पण यादीत ती भारताच्या नावावर आहेत आणि त्यांची देखभाल भारत करतो. बांधणाऱ्यांचे मूळ कुणी लपवलेले नाही. १९७२ चा जागतिक वारसा करार याच तत्त्वावर उभा आहे: ज्याच्या भूमीवर वास्तू आहे त्याच्यावर तिची पहिली जबाबदारी, आणि मोल मात्र साऱ्या माणसांचे. राखणदार आणि बांधणारे वेगळे असू शकतात. त्यासाठी बांधणाऱ्यांचे नाव खोडायची गरज नसते.

तिसरा मुद्दा युनेस्कोच्या नियमांपुढे टिकत नाही. कुक बेटे आणि नीयुए हे पॅसिफिकमधले चिमुकले देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नाहीत, तरी युनेस्कोत आहेत. दार त्यासाठीच ठेवलेले आहे.

याआधीचे दोन विरोध

नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या सर्वसाधारण परिषदेच्या अध्यक्षपदी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन होते. त्याच अधिवेशनात फ्रँकोच्या स्पेनला सदस्य करून घ्यायचे ठरले. लेखकांची पुस्तके छाटणाऱ्या, विरोधकांना तुरुंगात डांबणाऱ्या हुकूमशाहीला संस्कृतीच्या संस्थेत जागा कशी, या संतापाने फ्रेंच लेखक आल्बेर कामूने युनेस्कोशी संबंध तोडले आणि त्या महिन्याच्या अखेरीस पॅरिसमधल्या निषेध सभेत भाषण केले. हा विरोध जमिनीसाठी किंवा वास्तूंसाठी नव्हता. संस्था आपल्याच शब्दांना जागते की नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता.

कामूचा संताप खरा होता. फ्रँकोची राजवट १९७५ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत चालली. सदस्यत्वाने ती सुधारली नाही. पण इजिप्तमधल्या नूबियाची मंदिरे अस्वान धरणाच्या पाण्यातून वाचवण्याच्या युनेस्कोच्या मोहिमेत स्पेनने हातभार लावला, आणि इजिप्तने कृतज्ञतेने दिलेले देबोदचे मंदिर आज माद्रिदमध्ये उभे आहे. सदस्यत्व राजवटीला धुऊन काढत नाही, मात्र तिच्या हातून एखादे चांगले काम करवून घेऊ शकते.

दुसरा विरोध पॅलेस्टाइनला झालेला. ३१ ऑक्टोबर २०११ रोजी त्याला सदस्य करून घेण्याच्या ठरावाच्या बाजूने १०७, विरोधात १४, तटस्थ ५२. भारताने बाजूने मत दिले. मतदान सोपे गेले, किंमत मात्र भारी पडली. पॅलेस्टाइनला पूर्ण सदस्य करणाऱ्या संयुक्त राष्ट्र परिवारातल्या संस्थेला पैसे द्यायचे नाहीत, असे १९९० च्या दशकातले अमेरिकी कायदे होते. युनेस्कोच्या अंदाजपत्रकातला २२ टक्के वाटा अमेरिकेचा होता, तो थांबला. शाळा, ग्रंथालये, जीर्णोद्धार यांच्या कामांना कात्री लागली. अमेरिका आणि इस्रायल २०१८ च्या अखेरीस बाहेर पडले. अमेरिका २०२३ मध्ये परतली आणि २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली.

आत आल्यावर पॅलेस्टाइनने जागतिक वारसा करार स्वीकारला, आणि २०१२ मध्ये बेथलेहेमचे ख्रिस्तजन्माचे चर्च यादीत आले. एका मुस्लिमबहुल समाजाने आपल्या पहिल्या नोंदीसाठी ख्रिस्ती धर्मस्थळ पुढे केले, हे मला महत्त्वाचे वाटते. त्या चर्चच्या गळक्या छपराची दुरुस्ती झाली, आणि २०१९ मध्ये ते धोक्यातल्या वारशाच्या यादीतून बाहेर आले.

दाराबाहेर ठेवल्याने काय साधले?

आता डेचानीकडे परत येऊ. २००६ मध्ये बाकीची तीन धर्मस्थळे डेचानीला जोडून 'कोसोव्होतील मध्ययुगीन स्मारके' अशी एकच नोंद झाली आणि त्याच वर्षी ती धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली. २०१५ च्या मतदानात कोसोव्हो हरल्याने तो धोका तसूभरही कमी झाला नाही. सर्बिया कागदावर जबाबदार, पण तिथे त्याचा अंमल चालत नाही. कोसोव्होचा अंमल चालतो, पण करारावर त्याची सही नाही. मठाच्या भिंतीपलीकडे उद्या बेकायदा बांधकाम झाले, तर वारसा समितीपुढे उत्तर द्यायला बांधील असलेला आणि ते थांबवू शकणारा, असा एकही पक्ष नाही. विरोधाने नेमकी हीच पोकळी जपली.

खेळाच्या मैदानावर कोसोव्हो पुढे सरकला. २०१६ मध्ये फुटबॉलच्या जागतिक संघटनेने त्याला सामावून घेतले. त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये माइलिंदा केलमेंदीने ज्युडोत कोसोव्होचे पहिले पदक जिंकले, तेही सुवर्ण. ती पेचची, म्हणजे सर्बियन धर्मपीठ ज्या गावालगत आहे त्या गावची. युनेस्कोसाठी २०१७ मध्ये पुन्हा अर्ज करायचा बेत मात्र कोसोव्होने सोडून दिला.

दारातली अडवणूक उपयोगी कशी पडते, ते युरोप परिषदेत दिसले. ही परिषद म्हणजे युरोपीय संघ नव्हे. मानवी हक्क, कायदा आणि संस्कृती यांसाठी १९४९ मध्ये स्थापन झालेली ती वेगळी संस्था आहे, आणि २००४ च्या जाळपोळीनंतर मठ-चर्चच्या दुरुस्तीचे काम तिच्याच नेतृत्वाखालच्या आयोगाने केले. डेचानी मठाची सुमारे २४ हेक्टर जमीन मठाचीच आहे, असा निकाल कोसोव्होच्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ मध्ये दिला होता. स्थानिक विरोधामुळे तो आठ वर्षे कागदावर पडून राहिला. कोसोव्होने युरोप परिषदेच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला, तेव्हा त्याला बजावण्यात आले की आधी हा निकाल अमलात आणा. मार्च २०२४ मध्ये जमीन मठाच्या नावावर चढली. एप्रिलमध्ये परिषदेच्या संसदीय सभेने १३१ विरुद्ध २९ मतांनी सदस्यत्वाची शिफारस केली. पुढच्या महिन्यात मंत्र्यांच्या बैठकीत तो विषय आलाच नाही आणि कोसोव्हो पुन्हा उंबरठ्यावर राहिला. पण जमीन मठाला मिळाली ती मिळालीच.

डेचानीच्या पदरात एक ठोस गोष्ट अशी पडली. ती दार लावून पडली नाही. दार किलकिले करून, आत यायचे तर हे आधी करा, असे सांगितल्याने पडली.

वाट काढायची तर युनेस्कोच्याच दप्तरात एक जुना तोडगाही आहे. यरुशलेमचे जुने शहर १९८१ मध्ये जॉर्डनच्या प्रस्तावावरून यादीत आले, आणि यादीत ते कोणत्याही देशाच्या नावाखाली नाही. सार्वभौमत्वाचा वाद तसाच ठेवून दगडांची नोंद करता येते. कोसोव्होला सदस्य करताना असे बंधन घालता आले असते की या चार स्थळांच्या पाटीवर सर्बियन ऑर्थोडॉक्स हे नाव राहील, मठांभोवतीची संरक्षित क्षेत्रे कायम राहतील आणि धर्मपीठाला देखभालीत हक्काचा आवाज असेल. संरक्षित क्षेत्रांचा कायदा कोसोव्होने २००८ मध्येच केला होता. तो पाळला जातो का, हे विचारण्याचा हक्क जगाला मिळाला असता.

एखाद्या देशाला सांस्कृतिक संस्थेत घेऊ नये, असे म्हणणाऱ्याला मी म्हणून दोन प्रश्न विचारेन. तुमची काळजी त्या दगडांची आहे की नकाशाची? आणि दगडांची असेल, तर तुमच्या नकाराने त्यांची राखण कोण करणार? कामूला पहिला प्रश्न विचारायची गरज नव्हती. त्याला नकाशातून काही मिळवायचे नव्हते. सर्बियाच्या मोहिमेला मात्र दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत, आणि हादुमच्या राखेची आठवण ठेवून कोसोव्होलाही विचारले पाहिजे की तुम्ही त्या मठांना स्वतःचे मानता, मग तिथे अजून पहारा का लागतो?

ज्या दिवशी डेचानीच्या फाटकावरचे सैनिक आपापल्या घरी जातील आणि गावातली अल्बेनियन मुले सहलीला आत येऊन ती चित्रे पाहतील, त्या दिवशी यादीत देशाचे नाव काय आहे, याचे महत्त्व उरणार नाही. तो दिवस जवळ आणायचा, तर शेजाऱ्याला उंबरठ्याबाहेर उभे ठेवून भागणार नाही. त्याला आत घ्यावे लागेल, आणि आत घेताना त्याच्या ओंजळीत ती जबाबदारी ठेवावी लागेल.